आठवड्याचे उरलेले सहा दिवस

रविवारची उपासना आटोपली. मंडळी चर्चच्या आवारात थोडी रेंगाळतात, एकमेकांच्या घरची विचारपूस होते, मग ज्याची त्याची गाडी घराकडे वळते. घरी तांबडा रस्सा वाट बघत असतो.

हे कोल्हापूर. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर इथं आले १८५२ साली. इथलं वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. पावणेदोनशे वर्षांच्या आसपास ख्रिस्ती मंडळी या मातीत नांदते आहे. तिचा रविवार सगळ्यांना दिसतो. कॅमेऱ्यातून आपण बघणार आहोत उरलेले सहा दिवस.

प्रेषित पौलानं गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात आत्म्याचं फळ सांगितलं: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. संडे स्कूलमधली पोरं ही नावं एका दमात म्हणून दाखवतात. पण कामाच्या दिवशी ती कुठं भेटतात? त्यासाठी बायबलमध्ये बरंच मागं जायला हवं. लेवीय, अध्याय १९.

शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, ही आज्ञा येशूनं पुन्हा सांगितली म्हणून ती सगळ्यांच्या ओठांवर आहे. मुळात ती या अध्यायातली. आणि तिच्या आजूबाजूला काय आहे? मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवू नको. शेत कडेपर्यंत कापू नको, गरिबासाठी आणि परक्यासाठी काही राहू दे. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको. तागडी खरी ठेव, वजनं खरी ठेव. मजुरी आणि तागडी यांच्या मधोमध प्रीतीची आज्ञा बसली आहे. तिथून उचलून ती नुसती भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापली, तर अर्धीच हाती लागते, असं आम्हाला मनापासून वाटतं.

चला, शाहू मार्केट यार्डात. गुळाचे सौदे चाललेत. रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या, थप्प्या लागल्यात. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे. या नावाला भाव मिळतो, म्हणूनच दुसरीकडचा गूळ याच नावावर खपवायचा मोहही होतो. काट्यावर रवा चढतो तेव्हा त्याच्यामागं वर्षभर रानात उभा असलेला ऊस असतो, त्याला दिलेलं पाणी असतं, सोसायटीचं कर्ज असतं. काट्यावरचा आकडा आणि शेतकऱ्याच्या हातातल्या हिशेबाच्या पट्टीवरचा आकडा जुळला, की पौलाच्या यादीतला विश्वासूपणा तिथं सापडला. प्रार्थना कितीही लांबवली तरी या जुळणीची भरपाई होत नाही.

आता उसाच्या फडात. हंगाम सुरू झाला की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या बिऱ्हाडासकट येतात. रानाच्या कडेला त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. पहाटेच्या अंधारात नवरा-बायको कोयता घेऊन फडात उतरतात. लेवीयाचा तोच अध्याय सांगतो: तुमच्यात राहणाऱ्या परक्यावरही स्वतःसारखी प्रीती करा, कारण मिसर देशात तुम्हीही परके होता. टोळीवाले खुशाली, म्हणजे ठरल्यापेक्षा वरचे पैसे, मागतात ही शेतकऱ्याची तक्रार, आणि तोड लांबली की उसाचं वजन घटतं ही त्याची धास्ती. दोन्ही खरं आहे. तरी त्या बाईला पिण्याचं पाणी घरच्या नळाचं द्यावं, अंघोळीला आडोसा करून द्यावा, तिच्या तान्ह्याला ताप आला तर गाडी काढून दवाखाना गाठावा. यात भाव ठरवण्यासारखं काहीच नाही. ममता ती हीच, आणि ती मागायच्या आधी द्यायची असते.

घरातली सहनशीलता मात्र पडद्यावर आणायला नको. अंथरुणाला खिळलेल्या सासूची रात्री-अपरात्री कूस बदलणाऱ्या सुनेला कॅमेरा कशाला?

२०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला. २०२१ मध्ये पुन्हा तेच. अशा वेळी कोल्हापूर धावून येतं, भाकरीच्या चळती रचल्या जातात, आणि या शहराचा आम्हाला अभिमान वाटतो.

येशूच्या दाखल्यातला चांगला शोमरोनी, वाटेत जखमी पडलेल्या माणसाला उचलणारा परका, मात्र आणखी एक गोष्ट करतो. जखमा बांधून, त्या माणसाला उतारशाळेत पोचवून तो थांबत नाही. दुसऱ्या दिवशी दोन दिनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, मालकाच्या हातावर ठेवतो आणि म्हणतो, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन.

पुरानंतरच्या दुसऱ्या महिन्यात हे ‘परत येणं’ लागतं. तोवर मदतीचे ट्रक थांबलेले असतात. भिंतींची ओल गेलेली नसते. शिलाई मशीन गंजलेलं, रेशनकार्ड वाहून गेलेलं. पंचनाम्याच्या कागदासाठी तलाठ्याकडे हेलपाटे घालायचे असतात, ते म्हाताऱ्या माणसाला एकट्यानं झेपत नाहीत. एका दिवसाचा खाडा करून त्याच्यासोबत जाणारं कुणीतरी त्याला हवं असतं.