टेबलावर पाच पुस्तकं

ही कापडी पिशवी टोरांटोजवळच्या एका ग्रंथालयातून आली आहे. आत एकाच कादंबरीच्या दहा प्रती आणि वर चर्चेच्या प्रश्नांचा कागद. कॅनडातली बरीच सार्वजनिक ग्रंथालयं वाचनगटांना असे संच देतात. गट चालवणाऱ्याला हे आधी बघावं लागतं. सहा जणांत दोनच प्रती आल्या, की त्या महिन्यात चर्चा पोह्यांवरच होते.

पण पिशवीत कोणतं पुस्तक मागवायचं, हे ठरलं कसं?

त्याची एक रीत या देशात रेडिओनेच घालून दिली आहे. सीबीसी या कॅनडाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेवर २००२ पासून 'कॅनडा रीड्स' हा कार्यक्रम होतो. पाच पाहुणे, पाच पुस्तकं. प्रत्येकाने आपल्या पुस्तकाची वकिली करायची आणि मतं घेऊन एकेक पुस्तक बाद करत जायचं. पहिल्या वर्षी मायकल ओन्डाची यांची जुन्या टोरांटोवरची 'इन द स्किन ऑफ अ लायन' जिंकली. तिची बाजू लढवली होती एका रॉक बँडच्या गायकाने.

आमच्या गटाने हीच रीत उचलली. जानेवारीची संध्याकाळ, दारात ओल्या बुटांची रांग, टेबलावर पाच पुस्तकं.

ॲलिस मन्रो यांच्या कथांची बाजू सोपी वाटत होती. २०१३ चं नोबेल, आणि एक कथा एका बैठकीत वाचून होते. पण २०२४ मध्ये, मन्रो गेल्यानंतर दोनच महिन्यांनी, त्यांच्या मुलीने लिहिलं की लहानपणी सावत्र वडिलांनी तिच्यावर लैंगिक अत्याचार केले होते, आणि ते कळल्यावरही आई त्यांच्याचसोबत राहिली. आमच्यातली एक म्हणाली, "मी वाचीन, पण आत्ता नाही." कोणी वाद घातला नाही.

मार्गारेट लॉरेन्स यांच्या 'द स्टोन एंजल'मधली नव्वदीची हेगर लगेच बाद झाली. मला वाईट वाटलं. इतकी हट्टी म्हातारी प्रत्येकाच्या घरात असते, बहुधा म्हणूनच गेली. किम थुइ यांचं 'रू' मूळ फ्रेंच, व्हिएतनामहून बोटीतून निघालेल्या मुलीचं. प्रकरणं पान-दीड पानाची. तेही एका मताने हुकलं.

खरी जुंपली रोहिंटन मिस्त्रींवरून. मुंबईत जन्म, १९७५ मध्ये कॅनडात, टोरांटोत बँकेची नोकरी. 'सच अ लाँग जर्नी'ला १९९१ चा गव्हर्नर जनरल पुरस्कार, कॅनडाचा मोठा साहित्य पुरस्कार, मिळाला. कादंबरी मात्र १९७१ च्या मुंबईतली. वाड्याच्या भिंतीवर लोक लघवी करतात, म्हणून गुस्ताद नोबल फुटपाथवरच्या चित्रकाराला बोलावतो, आणि तो सगळ्या धर्मांचे देव, संत तिथे रंगवतो. वास जातो, उदबत्त्या येतात.

"यात बर्फाचा एक कण तरी आहे का?" एकाने विचारलं. "हे कॅनडाचं साहित्य कसं?"

"मग तू कुठला?" पलीकडून उत्तर आलं. प्रश्न विचारणाऱ्याला इथे येऊन अठरा वर्षं झाली होती. मुंबई विद्यापीठाने २०१० मध्ये हीच कादंबरी अभ्यासक्रमातून काढली होती, तोही विषय निघाला आणि चहा गार झाला.

शेवटी एका मताने जिंकली रिचर्ड वॅगमीज यांची 'इंडियन हॉर्स', २०१२ ची. सॉल हा ओजिब्वे या मूळनिवासी समाजातला मुलगा निवासी शाळेत येऊन पडतो. मूळनिवासी मुलांची भाषा, नावं, घर तोडण्यासाठीच या शाळा होत्या. दीड लाखाच्या आसपास मुलं त्यांतून गेली. सॉल पहाटे उठून बर्फाचं मैदान साफ करतो आणि आइस हॉकीच्या चकतीऐवजी घोड्याची गोठलेली लीद घेऊन एकटाच सराव करतो.

शेवटचं मत दिलं ते मिस्त्रींची वकिली करणाऱ्यानेच. म्हणाला, "मुंबई आपण एकमेकांना सांगू शकतो. हे मला इथे कोणीच सांगितलं नव्हतं."

पिशवीतल्या एका प्रतीत, त्या लिदीच्या पानावर, आधीच्या कुठल्यातरी वाचकाने पेन्सिलीने बारीक उभी रेघ ओढली आहे. ग्रंथालयाच्या पुस्तकात असं करू नये. आम्ही ती खोडली नाही.

मिस्त्री एप्रिलसाठी ठेवलेत.