मिरज : उरुसाची रात्र आणि तंबोऱ्याची गल्ली

मिरज जंक्शनवर चार दिशांच्या गाड्या येतात. पुणे आणि कोल्हापूर या ओळखीच्या वाटा सोडल्या, तर उरलेल्या दोन वाटा आपल्या विषयाच्या, म्हणजे गाण्याच्या आणि वाद्यांच्या आहेत: बेळगावच्या बाजूने धारवाड-हुबळीकडचे गवई या शहरात येत राहिले आणि पंढरपूरच्या बाजूने येत राहिले भोपळे.

उरुसाला येणारा रसिक सहसा संध्याकाळी मीरासाहेबांच्या दर्ग्यात पोहोचतो. त्याने सकाळीच यावे आणि आधी सतारी-तंबोरे घडवणाऱ्या सतारमेकर गल्लीत जावे, असे आम्ही सुचवू.

पंढरपूरकडून या गल्लीत येणारे भोपळे खाण्याचे नव्हेत. पंढरपूर-मंगळवेढा भागातल्या शेतांत ते खास वाद्यांसाठी पिकवले जातात आणि येथे आल्यावर छताला टांगून वाळवले जातात. पूर्ण वाळलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ केला जातो, कापून आतला गर खरवडला जातो आणि मग आत काटक्यांचा ताण देऊन त्याला हवा तो घेर दिला जातो. त्याच्या तोंडावर लाकडी तबली बसते, वर गळा आणि पोकळ दांडी जोडली जाते, खुंट्या बसवल्या जातात, नक्षी होते, लाखेच्या पॉलिशचे हात फिरतात. एवढे सगळे झाल्यावरही समोर असते ती केवळ देखणी वस्तू, कारण तंबोरा बोलू लागतो तो जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, काढल्यानंतर. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानशीने किंचित उतरता घासायचा, तार त्याला ओझरती लागेल इतकाच, आणि मग तारेखाली सुताचा धागा सरकवत नेमकी जागा शोधायची. कारागिराचा हात थांबतो, मान कलते, पुन्हा कानस फिरते. या कामाला मोजपट्टी नाही.

या गल्लीचे मूळ शस्त्रांत आहे. शिकलगार म्हणजे तलवारींना धार लावणारे. संस्थानी फौजांचे दिवस सरले आणि शस्त्रांची मागणी आटली, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगारांनी वाद्यांचे काम हाती घेतले, त्याला पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला, आणि शिकलगारांची घराणी सतारमेकर म्हणून ओळखली जाऊ लागली. दुरुस्तीसाठी वाद्य घेऊन येणारा गवई इथे थांबत असे आणि थांबला की गातही असे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी मिरजेतच विष्णु दिगंबर पलुस्करांना तालीम दिली. हिराबाई बडोदेकरांचा जन्म १९०५ साली इथलाच. गायकांच्या चरित्रांत ही गावे आणि साले नोंदली गेली आहेत, पण त्यांच्या मागे वाजणारा तंबोरा कोणी घडवला याची नोंद क्वचितच सापडते.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आता मोबाइलमध्येही वाजतो आणि गल्लीतली काही मुले दुसऱ्या कामांकडे वळली आहेत.

आता दर्गा. ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या उरुसात चर्मकार समाजाच्या मानाच्या गलेफाला (कबरीवर चढवायच्या चादरीला) पहिले स्थान आहे. याच आवारात किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ विसावले आहेत. १९३७ च्या ऑक्टोबरात पाँडिचेरीकडे जाताना सिंगपेरुमल कोविल स्थानकावर त्यांचे देहावसान झाले, आणि तेथून त्यांना मिरजेला आणण्यात आले. जवारीबद्दल विलक्षण काटेकोर असलेल्या या गायकाची कबर तंबोरे घडवणाऱ्या गावात असावी, हा योगायोग वाटत नाही.

त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीत सभेत, आवारातल्या चिंचेच्या झाडाखाली, हिराबाई गायल्या, गंगूबाई हनगल गायल्या, भीमसेन जोशी गायले. येथे गाणे ही हजेरी असते, बिदागीचा प्रश्न नसतो. शरद ऋतूत येणाऱ्यांना मिरजेतल्याच अंबाबाईच्या देवळातला नवरात्र संगीत महोत्सवही ऐकता येईल, आणि त्या प्रवासासाठीही हेच जंक्शन आहे.

रात्र चढली आहे. गायकाच्या दोन्ही बाजूंना दोन तंबोरे उभे आहेत, प्रत्येकाच्या चार तारा पंचम, दोन जोड, खर्ज, आणि साथीला बसलेल्या शिष्याने अजून एकदा खुंटी पिळली आहे. सकाळी पाहिलेला तो धागा पुन्हा केसभर सरकतो. गायक डोळे मिटून वाट पाहतो.