राणीच्या टोपीची सुटी किनार

ही जेन सीमोर. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची तिसरी राणी. १५३६-३७ च्या सुमारास हान्स होल्बाइनने रंगवलेलं हे चित्र आज व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहे. चेहरा क्षणभर राहू द्या, डोक्याकडे बघा. घराच्या आढ्यासारखं मधोमध टोक काढलेली ही टोपी म्हणजे गेबल हूड. तिच्या कडेने गेलेली मोत्या-सोन्याची किनार म्हणजे बिलामेंट.

किनार टोपीचाच भाग वाटते, पण होती मात्र स्वतंत्र दागिना. पुढची एक राणी, कॅथरिन हॉवर्ड. तिच्या जडजवाहिराच्या यादीत वरची आणि खालची बिलामेंटं वेगवेगळी नोंदलेली आहेत. हे काम सोनाराचं. त्यामुळे फॅशन बदलली की सोनं आटवलं जाई, मोती उसवून दुसरीकडे लागत. हाती उरली ती चित्रं आणि याद्या.

आज अशा टोपीची प्रतिकृती करणारी हौशी मंडळी टोपीवरच गोंदाने मोती चिकटवतात. लांबून दिसतं छान, पण आमच्या मते ती बिलामेंट नव्हे. पट्टी वेगळीच करायला हवी.

खळ देऊन कडक केलेलं लिनन घ्यायचं, त्यावर साटीन चढवायचं. मोती रेशमी दोऱ्यात ओवायचे, सर पट्टीवर मांडायचा आणि दर दोन मोत्यांमध्ये दोऱ्यावरून बारीक आडवा टाका घालायचा. टाका जास्त ओढला की पट्टी चुणते. सैल राहिला की टोकाच्या वळणावर सर घसरतो. खरा कस लागतो तो या वळणावरच.

आणि चित्रातले हे चौकोनी काळे खडे? पुष्कळजण इथे सरळ काळी काच लावून मोकळे होतात. पण त्या काळच्या चित्रांत असे काळे चौकोन बहुतेक वेळा हिरे असतात! तेव्हाचा हिरा वरून सपाट कापलेला, पैलू मोजके. त्यातून प्रकाश फारसा उसळत नसे, शिवाय सोनार कोंदणात हिऱ्यामागे काळा लेपही देत. म्हणून आम्ही पारदर्शक काच घेतली आणि फक्त मागची बाजू काळी केली. मान जरा वळली की खड्यात एक थंड चमक येते, ती काळ्या काचेत येत नाही.

पट्टी टोपीला जोडायची ती मोजक्या, लांब टाक्यांनी. उद्या दुसऱ्या टोपीवर हवी असली, तर कात्रीचं टोक पुरे.