नदी ओलांडणारा जनरल

श्रोतेहो, नमस्कार.

पायदळाची एक डिव्हिजन, म्हणजे जवळपास १० हजार माणसं. समोर किलोमीटरभराहून रुंद नदी, पूल एकही नाही. पलीकडे शत्रूच्या मशीनगन पार धक्क्याजवळ येऊन बसलेल्या. होड्या मोजक्या, आणि हाताशी अंधाराचे थोडे तास. १४ सप्टेंबर १९४२ च्या संध्याकाळी स्टालिनग्राडसमोर, वोल्गाच्या पूर्व काठावर सोव्हिएत मेजर जनरल अलेक्झांडर इल्यिच रोदिम्त्सेव यांच्यापुढे हे गणित होतं. त्यांची १३वी गार्ड्स रायफल डिव्हिजन पार गेली आणि शहराचा मधला भाग वाचला, असं सांगतात. ते बरंचसं खरं आहे. पण ती गेली कशी, काय मागं ठेवून गेली आणि पलीकडे पोचल्यावर काय काय बिघडलं, ते बघितल्याशिवाय या माणसाचं काम कळत नाही.

आधी थोडं मागचं. रोदिम्त्सेव ओरेनबुर्गकडच्या शारलिक गावचे, गरीब शेतकरी घरातले, जन्म १९०५ चा. १९२७ मध्ये लष्करात आले. १९३६ मध्ये स्पेनच्या यादवीत प्रजासत्ताकाच्या बाजूनं सल्लागार म्हणून गेले; तिथं त्यांचं टोपणनाव कॅप्टन पाव्लितो. माद्रिदच्या परिसरात, हारामा आणि ग्वादालाहाराच्या लढायांत ते होते. त्यांची खरी विद्या मशीनगनची, आणि ती ‘मॅक्सिम’. आता ही मॅक्सिम म्हणजे कौतुकाची पण मानी वस्तू. चाकांच्या गाड्यासकट वजन ६० किलोच्या वर. नळीभोवतीच्या पत्र्याच्या नळकांड्यात सुमारे ४ लिटर पाणी. न थांबता गोळीबार केला की ते उकळतं, वाफ वर उठते आणि गनची जागा शत्रूला कळते. थंडीत तेच पाणी गोठतं, म्हणून त्यात ग्लिसरीन घालावं लागतं. गोळ्यांचा पट्टा कापडी, २५० गोळ्यांचा. तो भिजला की आखडतो, गोळी तिरकी बसते आणि ऐन वेळी गन अडते. नवख्या शिपायांना हे हातानं दाखवून शिकवावं लागतं. पुढं डिव्हिजन चालवतानाही मशीनगन कुठं ठेवायची यावर रोदिम्त्सेव यांचं लक्ष असे, त्याचं मूळ इथं आहे. स्पेनमधल्या कामगिरीबद्दल १९३७ मध्ये त्यांना ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब मिळाला. १९३९ मध्ये फ्रुंझे लष्करी अकादमीचं शिक्षण झालं.

१९४१ मध्ये जर्मनीनं हल्ला केला तेव्हा ते ५व्या हवाई छत्रीधारी ब्रिगेडचे प्रमुख होते. छत्र्या कपाटात राहिल्या. ऑगस्टमध्ये कीव्हच्या दक्षिणेला, गोलोसेयेवोच्या जंगलात ही ब्रिगेड साध्या पायदळासारखी लढली. छत्रीधाऱ्यांकडे जड तोफा नसतात, म्हणून जवळ जाऊन भिडणं हाच मार्ग. जंगलात तो चाललाही. सप्टेंबरमध्ये मात्र कीव्हभोवती प्रचंड वेढा पडला, आणि कोनोतोपच्या बाजूला, सेइम नदीच्या परिसरात ब्रिगेडला लढत बाहेर पडावं लागलं. त्या शिल्लक छत्रीधाऱ्यांतून ८७वी रायफल डिव्हिजन उभी राहिली. कुर्स्कजवळच्या तिम गावाभोवती हिवाळ्यात ती चांगली लढली आणि १९ जानेवारी १९४२ रोजी १३वी गार्ड्स झाली. ‘गार्ड्स’ हा लढाईत नाव काढलेल्या तुकडीला मिळणारा मान. त्याबरोबर वाढीव पगारही येई. मे महिन्यात सोव्हिएत सैन्याचं खारकोव्हचं आक्रमण फसलं, त्या माघारीत डिव्हिजन अक्षरशः झिजली. म्हणजे सप्टेंबरमध्ये वोल्गाकाठी जी डिव्हिजन आली तिच्यात जुनी माणसं थोडी, नवी भरती भरपूर. त्यातल्या हजारभर जणांच्या हाती रायफलही नव्हती. ती कमतरता धावपळीनं काठावरच भरून काढावी लागली.

आता वोल्गा. श्रोतेहो, नकाशा तुमच्यासमोर नाही, तर असा मनात आणा. नदी साधारण उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. शहर पश्चिम काठावर, नदीला धरून लांबच लांब पसरलेलं. पश्चिम काठ उंच आणि कडेलोटासारखा, पूर्व काठ सपाट आणि वाळूचा. या उंच काठाचा अर्थ दुहेरी. वर शत्रू बसला तर अख्खं पात्र त्याच्या नजरेत. पण त्याच कड्याच्या पायथ्याला चिकटून बसलेल्या माणसावर सरळ मारा करता येत नाही. स्टालिनग्राडची पुढची लढाई या एका गोष्टीवर चालली. मुख्यालयं, दवाखाने, दारूगोळा, सगळं काठाच्या मातीत खोदलेल्या बोगद्यांत. रोदिम्त्सेव यांचं ठाणंही तसंच, आत हवा इतकी कमी की श्वास जड व्हावा.

शहर लढवणाऱ्या ६२व्या सेनेचे प्रमुख जनरल वासिली चुइकोव्ह यांनी त्यांना दिलेला हुकूम व्यवहारी होता. जड तोफा पूर्वेलाच ठेवा. सोबत उखळी तोफा आणि रणगाडाभेदी रायफली घ्या. हे कमीपणाचं नव्हतं. डिव्हिजनची तोफखाना रेजिमेंट, ३२वी गार्ड्स, पूर्व काठावरूनही शहरापर्यंत सहज मारा करू शकत होती. तोफ पलीकडे नेली तर तिच्या प्रत्येक गोळ्यालाही होडीत जागा द्यावी लागली असती. म्हणून तोफा इकडे आणि टेहळणी करणारे तिकडे. ते घरांच्या वरच्या मजल्यांवर बसत आणि टेलिफोनवरून किंवा रेडिओवरून मारा सांगत. नदीच्या तळातून टाकलेली तार वारंवार तुटे आणि ती जोडणाऱ्यांची माणसं जात; पण रेडिओ कमी आणि कुचकामी असल्यानं तारेला पर्याय नव्हता.

डिव्हिजनमध्ये ३ पायदळ रेजिमेंट होत्या: ३४वी, ३९वी आणि ४२वी. पहिली तुकडी कॅप्टन चेर्व्याकोव्ह यांची, ४२व्या रेजिमेंटची पहिली बटालियन. चिलखती नौका, बार्ज ओढणारे टग, मच्छीमारांच्या होड्या, मिळेल ते वापरलं. पूर्व काठाकडे येताना त्याच होड्या जखमींना घेऊन येत. काठावरच्या आगींनी पात्र इतकं उजळलं होतं की अंधाराचा फायदा निम्माच राहिला. अशा वेळी होडी भरण्याचा एक नियम पाळायचा असतो: प्रत्येक होडीत रायफलवाले, मशीनगन, तिचे पट्टे आणि एक अधिकारी असं मिसळून चढवायचं. सगळ्या गन एका बार्जवर ठेवल्या आणि ती बुडाली, की पलीकडची बटालियन मुकी होते. घाईत हा नियम सर्वांत आधी मोडतो. रात्रीत ३४वी आणि ४२वी पार झाल्या. उजाडताच विमानं आली, ३९वीला पुढची रात्र बघावी लागली. रोदिम्त्सेव स्वतः १५ तारखेला सकाळी, दिवसाढवळ्या पार गेले.

चुका इथंच झाल्या, आणि त्या टाळता येण्यासारख्या नव्हत्या. डिव्हिजन एकत्र जमवून मग हल्ला करायला वेळच नव्हता. जो उतरला तो तसाच कडा चढून गल्लीत घुसला. शहर नवख्या माणसांना अनोळखी, टेहळणी झालेली नाही, तुकड्या एकमेकींत मिसळल्या. चेर्व्याकोव्ह यांची बटालियन रेल्वे स्थानकापर्यंत पोचली. स्थानक कित्येकदा इकडून तिकडे गेलं. चेर्व्याकोव्ह जखमी झाल्यावर फेदोसेयेव्ह यांनी सूत्रं घेतली. पण बटालियन मुख्य डिव्हिजनपासून तुटली आणि तिथंच जवळजवळ संपली. १६ सप्टेंबरला ३९व्या रेजिमेंटनं मामायेव कुर्गान या टेकडीवर हल्ला चढवून माथा घेतला. पुढं त्या टेकडीसाठी महिनोन्महिने झुंजली ती मुख्यतः बात्युक यांची २८४वी डिव्हिजन. वृत्तपत्रांनी रोदिम्त्सेव यांचं नाव इतकं गाजवलं की इतर तुकड्यांचं काम झाकलं गेलं. ल्युद्निकोव्ह, झोलुदेव्ह, गोरोखोव्ह या तिथल्या इतर सेनानींची नावं आपल्याकडे किती जणांना माहीत आहेत? आपल्या मराठीत तर अण्णाभाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडवर पोवाडाच रचला, इतका त्या शहराचा घोष इथपर्यंत आला होता.

१० हजारांपैकी शेवटी तीनेकशे उरले, असा आकडा फिरतो. तो जपून वापरावा. डिव्हिजनला मधूनमधून कुमक मिळत होती आणि जखमी परतही येत होते, त्यामुळे साधी वजाबाकी इथं लागू होत नाही. पहिल्या दिवसांतली हानी भयंकर होती, एवढं पक्कं.

सप्टेंबरच्या अखेरीस लढाईचं रूप पालटलं. रेजिमेंटनं हल्ला करायचे दिवस गेले. घरं घेणारे छोटे गट आले. स्थूलमानानं रचना अशी. पुढे ६ ते ८ जणांचे गट, सबमशीनगन, माणशी १०-१२ हातबॉम्ब, सुरा आणि धार लावलेलं फावडं. ते घरात शिरले की इशारा होतो, मग २०-३० जणांचा पाठबळ गट वेगवेगळ्या बाजूंनी आत येतो: मशीनगन, रणगाडाभेदी रायफली, उखळी तोफा, आणि पहारी, कुऱ्हाडी, स्फोटकं घेतलेले सॅपर, म्हणजे सुरुंग-स्फोटांचं काम करणारे शिपाई. तिसरा गट राखीव, शत्रूचा प्रतिहल्ला झेलायला. हा पाठबळ गट उशिरा आला की पहिला गट आत अडकून मरतो. सर्वांत जास्त माणसं याच एका चुकीनं गेली.

हातबॉम्बही दोन जातींचे. एफ-१ जाड कवचाचा, त्याच्या ठिकऱ्या फेकणारा फेकू शकेल त्यापेक्षा लांब उडतात. म्हणून तो फक्त आडोशातून. आरजीडी-३३ वर काढता येणारं लोखंडी आवरण असे. धावत हल्ला करताना ते काढून टाकायचं, म्हणजे स्वतःच्या ठिकऱ्या स्वतःला लागत नाहीत. पीपीएसएच सबमशीनगनचा ढोल ७१ गोळ्यांचा, पण तो भरायला वेळ लागतो आणि चालताना खुळखुळतो. रात्रीच्या हल्ल्यात ते परवडत नाही.

या सगळ्यामागे एक साधी युक्ती होती: शत्रूच्या इतकं जवळ राहायचं की त्याच्या विमानांना आपल्याच माणसांवर बॉम्ब पडण्याची भीती वाटावी. कुठं ५० मीटर, कुठं नुसती मधली भिंत.

‘पाव्लोव्हचं घर’ म्हणतात ती ४ मजली इमारत याच डिव्हिजनच्या ४२व्या रेजिमेंटच्या ताब्यात होती. सार्जंट याकोव्ह पाव्लोव्ह तीन साथीदारांसह सप्टेंबरच्या अखेरीस आत शिरले. पुढं कुमक घेऊन आलेले लेफ्टनंट अफानास्येव्ह तिथले प्रमुख झाले, हे नावामुळे विसरलं जातं. घर ५८ दिवस टिकलं. त्याची कारणं धाडसाइतकीच बांधकामात आहेत. समोर मोकळा चौक, म्हणजे गोळीबाराला उघडं मैदान. मागं विटांची पिठाची गिरणी, तिथपर्यंत खोदलेला खंदक, त्यातून रात्री पाणी, दारूगोळा, जखमी यांची ये-जा. रणगाडा जवळ आला की त्याची तोफ वरच्या मजल्यापर्यंत उचलली जात नाही. आणि रणगाडाभेदी रायफल वरून त्याच्या पातळ छतावर लागते.

रोदिम्त्सेव यांची सर्वांत वाईट रात्र १ ऑक्टोबरची म्हणावी लागेल. क्रुतोय नावाच्या घळीतून जर्मन २९५व्या डिव्हिजनचे लोक गुपचूप खाली उतरले आणि वोल्गापर्यंत पोचले. सांधा जिथं दोन तुकड्यांचा, तिथं घळ. आणि घळीची जबाबदारी नेमकी कुणाची, हा प्रश्न रात्रीच उघडा पडतो. हाताशी होती ती राखीव माणसं झोकून पहाटेपर्यंत ती फट बुजवली गेली. नोव्हेंबरात नदीत बर्फाचे तुकडे वाहू लागले: होडी चालेना, चालत जाता येईना. डिसेंबरच्या मध्यावर बर्फ धरलं तेव्हा कुठं रसद सुरळीत झाली. ३ डिसेंबरला डिव्हिजननं ‘एल’ आकाराचं घर आणि रेल्वेवाल्यांचं घर या दोन किल्ल्यांवर हल्ला केला, कारण तिथून जर्मनांना नदीवरची वाहतूक दिसत होती. आधी खंदक खोदत जवळ सरकायचं, मग अंतर कमी झालं की उठायचं, ही तयारीच काही दिवसांची. २६ जानेवारी १९४३ ला मामायेव कुर्गानच्या परिसरात पश्चिमेकडून आलेली २१वी सेना आणि १३वी गार्ड्स भेटल्या.

१९४३ पासून ते ३२व्या गार्ड्स रायफल कोअरचे प्रमुख. आता हाताखाली ३ डिव्हिजन, त्यांत जुनी १३वीही. काम बदललं: कुठलं घर घ्यायचं ते आता त्यांनी बघायचं नव्हतं, तोफा कुठं रचायच्या, पूल किती वाजता उभा राहील, मागची डिव्हिजन केव्हा सोडायची, हे बघायचं. जुलैत कुर्स्कच्या लढाईत प्रोखोरोव्काच्या पश्चिमेकडच्या पट्ट्यात, मग पोल्तावा, आणि २९ सप्टेंबरला क्रेमेन्चुग. समोर नीपर नदी. जर्मनांनी पूल उडवलेले, तरंगते पूल मागं रस्त्यात अडकलेले. नीपरवर सगळीकडे हीच अवस्था होती, म्हणून शिपायांनी ओंडके, पिंपं, दारं जोडून तराफे केले. पावसाळी तंबूच्या कापडात गवत किंवा पेंढा ठासून भरला तर त्यावर माणूस नदी पार करू शकतो, पण पेंढा भिजेपर्यंतच. वोल्गेसारखंच इथंही ठरलं: माणूस पार जातो, तोफ उशिरा जाते, आणि मधले दिवस काठावरच्या पायदळाला एकट्यानं काढावे लागतात.

१९४४ च्या ऑगस्टमध्ये पोलंडमध्ये विस्तुला नदीपलीकडच्या सांदोमिएर्झच्या ठाण्यावर त्यांची कोअर जर्मन रणगाड्यांचे प्रतिहल्ले सोसत उभी राहिली. १२ जानेवारी १९४५ ला तिथूनच मोठं आक्रमण सुटलं. या वेळी तोफखाना इतका की फोडायच्या पट्ट्यात किलोमीटरला दोनशेहून अधिक तोफा आणि उखळी तोफा. पुढच्या दोन आठवड्यांत ओडर नदी गाठली आणि २५ जानेवारीला लिंडेन गावाजवळ ती ओलांडून पलीकडे पाय रोवला. याच कामाबद्दल २ जून १९४५ रोजी त्यांना दुसऱ्यांदा वीर किताब मिळाला. वोल्गेवर अख्ख्या डिव्हिजनला पार जायला एक रात्र अपुरी पडली होती, तोफा तर पूर्वेलाच राहिल्या. ओडरवर मागून तोफा, पुलांचं सामान, दारूगोळा येत होता, आणि तो कुठल्या क्रमानं सोडायचा हे ठरवणारे आता तेच होते.

युद्ध संपलं तेव्हा त्यांची सेना ड्रेस्डेनमार्गे प्रागकडे वळलेली होती. १९६१ मध्ये ते कर्नल जनरल झाले, आणि १९७७ मध्ये मॉस्कोत त्यांचं निधन झालं.

नमस्कार.