आधी कोणता थर, मग कोणता? नाशिकच्या डोंगरांचा क्रम

[दृश्य: त्र्यंबक रस्ता, पावसाळा सरत आलेला. डावीकडे अंजनेरी, पुढे ब्रह्मगिरी.]

निवेदन:

भाद्रपदात या डोंगरांवरचे आडवे पट्टे अगदी उठून दिसतात. काळा कडा, त्यावर गवताची हिरवी पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा हिरवी पट्टी. अशी प्रत्येक जोडी म्हणजे साधारणपणे एक लाव्हाप्रवाह. प्रवाहाचा मधला भाग सावकाश थिजला आणि घट्ट झाला, म्हणून त्याचा कडा उभा राहतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले. तो सच्छिद्र भाग लवकर झिजतो, त्यावर माती धरते आणि गवत उगवतं.

यातला कोणता प्रवाह आधी आला? १६६९ साली डॅनिश शास्त्रज्ञ निकोलस स्टेनो यांनी इटलीतल्या थरांवरून एक नियम मांडला: वरचा थर साचत होता, तेव्हा खालचा तयार होता. लाव्हालाही हे लागू पडतं. तो वाहतो तो आधीपासून असलेल्या जमिनीवरूनच.

[दृश्य: रस्त्याच्या कापात काळ्या खडकामधला लाल पट्टा, जवळून.]

पण एक अडचण आहे. कधीकधी लाव्हा जमिनीवर येतच नाही. दोन जुन्या थरांच्या फटीत घुसून तिथेच थिजतो. तो असतो मध्ये, पण वय दोघांपेक्षा कमी. मग ओळखायचं कसं? इथे हा लाल पट्टा कामाला येतो. दोन उद्रेकांमध्ये मोठी विश्रांती मिळाली, की खालचा खडक कुजतो, वर राख पडते आणि त्यांची लाल माती होते. पुढचा लाव्हा त्या मातीवर पसरतो आणि ती भाजून काढतो. वरून पसरलेला प्रवाह फक्त आपल्या खालचं भाजतो. फटीत घुसलेला लाव्हा खाली आणि वर, दोन्हीकडे चटके देतो. बुडबुड्यांनी भरलेला जाड माथा आणि त्यावर लाल माती सापडली, की हा प्रवाह एके काळी उघड्या आभाळाखाली होता, हे नक्की.

त्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे खनिजं वाढली. पांडवलेणी परिसरातल्या खाणींतून निघालेले झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. तेही या क्रमात बसतात: आधी खडक, मग पोकळी भरणारा स्फटिक.

[दृश्य: आडव्या थरांना छेदत गेलेली उभी काळी भिंत.]

ही भिंत म्हणजे डाइक, भेगेत थिजलेला लाव्हा. जे कापलं गेलं ते आधीचं, ज्याने कापलं ते नंतरचं. अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये भूवैज्ञानिक जेम्स हटन याच तर्काने खडक वाचत होते.

[दृश्य: गंगापूरजवळ गोदावरीचा काठ, दगडगोट्यांचा थर.]

आता उंचीचा प्रश्न. ब्रह्मगिरीचा माथा वर, गोदावरीचा काठ खाली. म्हणून काठावरचा थर जुना? अजिबात नाही, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात सहज होणारी गफलत हीच आहे. या थरातले गोटे पाहा: बेसाल्टचे, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या या काळ्या खडकाचे, आणि गारगोटीचे. डोंगर तयार झाला, झिजला, तुकडे वाहत आले, तेव्हा हा थर साचला. तुकडा ज्या खडकाचा, तो खडक त्या थराआधीचा. गंगापूरजवळच्या अशा थरांत पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया यांना अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं मिळाली. म्हणजे डोंगरांच्या मानाने हा थर अगदी अलीकडचा. स्टेनोंचा नियम उंचीचा नाही. एक थर दुसऱ्यावर जिथे टेकलाय, त्या सांध्याचा तो नियम आहे.

[दृश्य: कसारा घाट.]

जिथे सांधा दिसत नाही, तिथे ओळखीचा थर शोधतात. कसारा घाटात एका बेसाल्टमध्ये फेल्डस्पार या खनिजाचे काही सेंटिमीटर लांबीचे पांढुरके स्फटिक आहेत. असा खडक एका दरीत दिसला आणि पलीकडच्या दरीतही दिसला, की दोन्हीकडचे थर जुळवता येतात. त्याला रासायनिक पृथक्करणाची जोड देऊन सह्याद्रीतल्या प्रवाहांचे गट लावले गेले: तळाकडे कळसूबाई, त्यावर लोणावळा, त्यावर वाई. इगतपुरीचे थर कळसूबाई गटात येतात, महाबळेश्वरचे वाई गटात. दोन्ही गावांत जवळपास २०० किलोमीटरचं अंतर, तरी इगतपुरीचा खडक आधीचा, हे ठामपणे सांगता येतं.

वर्षांतलं वय प्रयोगशाळेत कळतं, किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या ऱ्हासावरून. दख्खनच्या या लाव्हांचं वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं निघतं. पण लगतच्या दोन प्रवाहांमधला काळ अनेकदा त्या मोजणीतल्या अनिश्चिततेपेक्षाही कमी असतो. अशा वेळी आधी कोण, हे ठरवायला भूवैज्ञानिक हातोडा घेऊन पुन्हा घाटातच येतात आणि त्या दोन प्रवाहांमधला सांधा शोधतात.