डी. एन. म्हणजे कोण?

नमस्कार श्रोतेहो. फ्लोरा फाउंटनपासून व्हीटीवरून क्रॉफर्ड मार्केटकडे जातो ना, त्या रस्त्याबद्दल आज बोलूया. आधी तो हॉर्नबी रोड होता, विल्यम हॉर्नबी म्हणजे १७७१ ते १७८४ मुंबईचा गव्हर्नर, त्याच्या नावाचा, आणि आता दादाभाई नौरोजी रोड. १८६०च्या दशकात गव्हर्नर फ्रेअरच्या काळात किल्ल्याचा तट पाडला, तट गेला पण माझे आजोबा शेवटपर्यंत "कोटात जाऊन येतो" असंच म्हणायचे, कोट म्हणजेच आपलं फोर्ट.

तर आजोबांचीच गोष्ट. मी चौथीत असेन, त्यांच्याबरोबर बसमधून चाललो होतो, कंडक्टर ओरडला "डी. एन. रोड!" आणि आजोबांनी मला विचारलं, डी. एन. म्हणजे कोण रे? मी बिनधास्त सांगितलं, दीनानाथ! आजोबा काही बोलले नाहीत, माझा हात धरून पुढच्या स्टॉपला उतरले आणि उलटं चालवत मला फाउंटनजवळच्या त्या बसलेल्या पुतळ्यापाशी घेऊन गेले. भर दुपार, दगड असा तापलेला की हात लावला तर चटका. म्हणाले, हे दादाभाई. १८९२ साली लंडनच्या फिन्सबरी सेंट्रलमधून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेले, किती मतांनी माहितीये? पाच! फेरमोजणीत तर तीनच राहिली. पाच बोटं दाखवली, मग दोन मिटली. आणि तिथून व्हीटीपर्यंत दगडी कमानींच्या सावलीतून चालताना दर कोपऱ्यावर थांबून विचारायचे, रस्ता कुणाचा? मी म्हणायचो, दादाभाई नौरोजींचा. घसा कोरडा पडला तेव्हा कुठे उसाचा रस मिळाला.



तर श्रोतेहो, माझं म्हणणं एवढंच की नाव बदलून आपण हॉर्नबीच्या जागी दादाभाई आणले आणि मग दोन अक्षरांत दादाभाईंना घालवून टाकलं. माहीमचा एल. जे. रोड बघा, लेडी जमशेटजींनी १८४५चा माहीम कॉजवे व्हावा म्हणून स्वतःचे दीड लाखाच्या वर रुपये दिले, आणि आपण म्हणतो एल. जे.! एस. व्ही. रोड, म्हणजे पूर्वीचा घोडबंदर रोड, त्यात विवेकानंद आहेत हे किती जणांच्या लक्षात येतं?

मी टॅक्सीत बसलो की पूर्ण नाव सांगतो, दादाभाई नौरोजी रोड. ड्रायव्हर मागे वळून विचारतो, डी. एन. रोड ना साहेब? मी परत पूर्ण नाव सांगतो.