जीसॉकमध्ये तुमची निवड गूगल करत नाही

(थेट कॅमेऱ्याकडे)

‘गूगलची इंटर्नशिप लागली’ अशी कुणाची पोस्ट दिसली आणि खाली बारीक अक्षरांत ‘समर ऑफ कोड’, म्हणजेच जीसॉक, लिहिलेलं असलं, तर ती इंटर्नशिप नव्हे. गूगल स्वतःच सांगतं की ही नोकरी नाही, इंटर्नशिपही नाही. २००५ पासून चालू असलेल्या या उपक्रमात पैसे गूगलचे, काम एखाद्या ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला ठेवणाऱ्या) संस्थेचं, आणि कुणाला घ्यायचं हे ठरवणार त्या संस्थेतले मेंटर, म्हणजे तुम्हाला मार्गदर्शन करणारे अनुभवी लोक. त्यामुळे सीजीपीए, कॉलेजचं नाव, लीटकोडसारख्या सरावाच्या साइटवर सोडवलेले चारशे प्रश्न, यातलं फारसं काही इथे चालत नाही. काय चालतं, ते बघू.

आधी पात्रता, पटकन. २०२१ पर्यंत हे फक्त विद्यार्थ्यांसाठी होतं. २०२२ पासून १८ वर्षं पूर्ण झालेले आणि ओपन सोर्समध्ये नवखे असलेले इतर लोकही अर्ज करू शकतात. दोनदा निवड झाली असेल, तर तिसऱ्यांदा नाही.

आता आकडा. २०२५ मध्ये पंधरा हजारांहून जास्त लोकांनी तेवीस हजारांवर प्रपोजल, म्हणजे कामाचे प्रस्ताव, टाकली आणि निवड झाली १,२८० जणांची. ऐकून पोटात गोळा येतो, पण तुमची स्पर्धा पंधरा हजारांशी नसते. अर्ज आले की प्रत्येक संस्था गूगलला कळवते, आम्हाला कमीत कमी इतक्या आणि जास्तीत जास्त इतक्या जागा द्या. गूगल जागा वाटून देतं. समजा एखाद्या संस्थेच्या यादीत आठ आयडिया, म्हणजे करून हवी असलेली कामं, आहेत आणि जागा मिळाल्या चार. एका आयडियावर सहा उत्तम प्रपोजल आली, तरी सहसा त्यातलं एकच जाणार. उरलेले पाच जण चांगले असूनही बाहेर. म्हणून आयडिया निवडताना संस्थेच्या चॅटवर आणि फोरमवर बघा, कोणत्या आयडियाबद्दल किती जण विचारतायत. एआय चॅटबॉटवाल्या आयडियेखाली झुंबड असते. बिल्ड सिस्टीम, टेस्टिंग, जुना कोड नव्या एपीआयवर नेणं, असली रुक्ष कामं ओस पडलेली असतात. तिथे जा.

संस्थांची यादी फेब्रुवारीत जाहीर होते. तेव्हा सुरुवात करणाऱ्याला उशीर झालेला असतो. डेबियन, पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन, विकिमीडिया, एलएलव्हीएम, एफएफएमपेग ही नावं यादीत वर्षानुवर्षं दिसत आली आहेत, तेव्हा डिसेंबरातच अशी एक-दोन धरायला हरकत नाही. संस्थेची अट आधी वाचा. एफएफएमपेग क्वालिफिकेशन टास्क मागतं, म्हणजे अर्जाआधी एक छोटं काम करून दाखवायचं. ते न करता टाकलेल्या प्रपोजलचं काय होत असेल, ते सांगायला नको.

(स्क्रीनवर: दोन मेसेज, एकाखाली एक)

पहिला मेसेज. हा नमुना बघा: ‘हॅलो सर, मी दुसऱ्या वर्षाला आहे, मला कॉन्ट्रिब्यूट करायचं आहे, प्लीज गाइड करा.’ यावर मेंटरने काय उत्तर द्यायचं? आता हा दुसरा: ‘उबुंटू २४.०४ वर तुमच्या डॉक्युमेंटेशनप्रमाणे बिल्ड केलं. तिसऱ्या पायरीला लिंकरचा एरर येतोय, लॉग जोडलाय. असाच एक जुना इश्यू सापडला, पण त्यातला उपाय करून बघितला, फरक पडला नाही.’ लिहायचं अर्थात इंग्रजीत, मांडणी मात्र हीच. आणि तो ‘सर’ काढा. आपल्याला लहानपणापासून सवय असते, पण या मंडळींत सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. पर्सनल मेसेजही टाळा. सार्वजनिक चॅनलवर विचारलं तर जो जागा असेल तो उत्तर देतो. मेंटर जर्मनीत आणि तुम्ही नांदेडात असाल, तर याने एक दिवस वाचतो.

यानंतरची पायरी म्हणजे पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती, आणि सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. रीडमीमधली स्पेलिंग दुरुस्त करून संख्या वाढवू नका. चार-पाच खऱ्या दुरुस्त्या पुरतात, त्याही शक्यतो ज्या भागावर प्रपोजल लिहायचंय त्याच भागातल्या.

(स्क्रीनवर: डिफ)

हे नीट बघा. बदल तीन ओळींचा आहे आणि डिफ, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधला फरक, दिसतोय चारशे ओळींचा. का? एडिटरने फाइल सेव्ह करताना सगळी फाइल स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट केली. रिव्ह्यू करणाऱ्याने त्या चारशे ओळींत तुमच्या तीन शोधायच्या? तो पुल रिक्वेस्ट बाजूला ठेवतो. म्हणून त्या प्रोजेक्टसाठी एडिटरचं ऑटो-फॉरमॅट बंद करा किंवा प्रोजेक्टचं कॉन्फिगरेशन वापरा, आणि पुश करण्याआधी ‘गिट डिफ’ स्वतः वाचून काढा.

दुसरी गोष्ट, टेस्ट आणि लिंट (कोडमधल्या बारीक चुका पकडणारं साधन) आपल्याच मशिनवर चालवा. ‘सीआय सांगेलच की’ असं म्हणू नका; सीआय म्हणजे पुल रिक्वेस्टवर आपोआप चालणाऱ्या तपासण्या. नवख्याची पुल रिक्वेस्ट आली की गिटहबवर बऱ्याचदा मेंटेनरने बटण दाबल्याशिवाय सीआय चालतच नाही. एका सेमीकोलनसाठी नापास झालात की दुरुस्ती करायची, पुन्हा त्याने बटण दाबायची वाट बघायची, असे दोन-दोन दिवस जातात. काम ‘मेन’ या मुख्य ब्रांचवर करू नका, प्रत्येक दुरुस्तीला वेगळी ब्रांच काढा. नाहीतर दुसऱ्या पुल रिक्वेस्टमध्ये पहिलीचे कमिट घुसतात.

एआयला कोड लिहायला लावायचा की नाही, हे त्या संस्थेच्या नियमावर आहे. काहींना अजिबात चालत नाही. चालत असलं तरी रिव्ह्यूमध्ये ‘इथे लॉक कशाला घेतलास?’ असं विचारलं जातं. उत्तर तुमच्याकडे नसेल तर ते लगेच कळतं.

मार्च उजाडला की प्रपोजल. तीनपर्यंत टाकता येतात, पण एक मनापासून आणि एक राखीव, एवढी बास. मसुदा मुदतीच्या दोन-तीन आठवडे आधी मेंटरला दाखवा, शेवटच्या आठवड्यात त्याच्याकडे ढीग पडलेला असतो. प्रपोजलमध्ये हवं ते हे: प्रश्न काय आहे, कोडच्या कोणत्या फाइलींना हात लागेल, तुमच्या आधीच्या पुल रिक्वेस्टच्या लिंक, आणि वेळापत्रक. वेळापत्रकात ‘आठवडा ३ ते ५: फीचर इम्प्लिमेंट करणे’ लिहिलंत, तर तुम्ही कोड उघडूनच बघितला नाही असा अर्थ होतो. त्याऐवजी: ‘आठवडा ३: पार्सरमध्ये नवा टोकन प्रकार, जुन्या टेस्ट न मोडता. आठवडा ४: चुकीच्या इनपुटच्या टेस्ट, पुल रिक्वेस्ट. आठवडा ५: रिव्ह्यूमधले बदल.’ रिव्ह्यूला वेगळा वेळ ठेवायला जवळपास सगळे विसरतात.

तासांचा हिशेबही मांडा. प्रोजेक्ट तीन आकारांचे असतात: ९०, १७५ आणि ३५० तास. ३५० तास बारा आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला साधारण २९ तास होतात. कोडिंग सुरू होतं जूनच्या आसपास, आणि आपल्याकडे काही विद्यापीठांच्या परीक्षा नेमक्या तेव्हाच सरकतात. तारखा सरळ लिहून टाका आणि मुदत वाढवून मागा, बावीस आठवड्यांपर्यंत ताणता येतं. न सांगता गायब झालात तर मात्र अवघड जातं.

शेवटची तारीख. २०२५ मध्ये ती ८ एप्रिल होती, वेळ यूटीसी संध्याकाळी सहा. म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकरा, बारा नाही! पीडीएफ दोन दिवस आधीच चढवा. मुदतीपर्यंत ती बदलता येते, नंतर एक स्वल्पविरामही नाही.

निकाल एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला. त्यानंतर दोन मूल्यमापनं, मध्यावर आणि शेवटी. मध्यावर नापास झालात तर तिथेच संपलं. कोड मागे पडला तर मेंटर सांभाळून घेतो, पण दहा दिवस आवाजच नसेल तर त्याला काय सांभाळायचं तेच कळत नाही. अडकलात की दोन दिवसांच्या आत सांगा.

पैसे तुम्ही राहता त्या देशाप्रमाणे ठरतात. भारतासाठी १७५ तासांचे १,५०० डॉलर आणि ३५० तासांचे ३,०००. ४५ टक्के मध्यावर, ५५ टक्के शेवटी, म्हणजे १,५०० मधले ६७५ आधी आणि ८२५ नंतर. ते पेओनियर या पेमेंट सेवेमार्फत येतात, आणि इथे आपली खास मराठी अडचण. मार्कशीटवर आडनाव आधी, पॅनवर वडिलांचं नाव मध्ये, बँकेत नुसतं आद्याक्षर. नाव जुळलं नाही की खात्याची पडताळणी अडकते. निकाल लागला की कोड नंतर उघडा, आधी पॅन आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून स्पेलिंग ताडून बघा.